कंदकुजीचा माग लाल उजेडात

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतलाच हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही उभे राहते आहे. या केंद्राकडून काय हवे, असे विचारले की बेणे, शिजवायची यंत्रे, पॉलिश, साठवण एवढ्यावरच चर्चा थांबते. जिवंत कंदाच्या आत डोकावणारी प्रयोगशाळा तिथे असायलाच हवी, असे माझे ठाम मत आहे. कारण कंदकूज. सरीत पाणी साचते, पिथियम हा रोगकारक जीव कंदात शिरतो आणि पाने पिवळी पडू लागल्यावरच शेतकऱ्याच्या ते ध्यानात येते. उपटून पाहावे तर गड्डा मऊ, बोटाने दाबला की पाणी सुटते, कुबट वास येतो. उपाय म्हणून शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळून टाकतात. पण ही उपकारक बुरशी कंदापर्यंत पोहोचते का, किती दिवस टिकते, पिथियमला कुठे गाठते? कंद कापून, मारून पाहिल्यावर या प्रश्नांची अर्धीच उत्तरे हाती लागतात.

उरलेले अर्धे उत्तर समुद्रातल्या एका जेलीफिशने दिले आहे. ओसामू शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये तिच्यातले हिरवे चमकणारे प्रथिन वेगळे केले. डग्लस प्रॅशर यांनी १९९२ मध्ये त्याचा जनुक हाती आणला, आणि १९९४ मध्ये मार्टिन चॅल्फी यांनी तो जिवाणूत आणि सूत्रकृमीत घालून दाखवला. वरून कुठलेही रसायन द्यावे लागले नाही. निळा उजेड टाकला की पेशी हिरवी उजळली. रॉजर त्सिएन यांनी पुढे त्याचे अनेक रंग केले आणि २००८ चे नोबेल शिमोमुरा, चॅल्फी व त्सिएन यांना मिळाले. असा जनुक ट्रायकोडर्मात घातला तर ही बुरशी जिवंत कंदात चमकून आपला माग देईल. हळदीसाठी मात्र हिरवा रंग नडतो. अंधारात ताज्या गड्ड्याच्या कापावर अतिनील दिवा धरा, कुरकुमीनमुळे तो स्वतःच पिवळसर हिरवा उजळतो. त्यात हिरवी बुरशी हरवून जाईल. म्हणून ट्रायकोडर्माला प्रवाळवर्गीय जीवांतून आलेले लाल प्रथिन द्यावे. हे बारकावे हळदीच्याच गावात बसून सोडवायचे आहेत.

जनुक बदललेली बुरशी शेतात सोडणार का, ही शंका रास्त आहे. उत्तर स्पष्ट आहे: ती बंदिस्त काचघरात, कुंडीतल्या हळदीवरच राहील, आणि अशा प्रयोगांना जनुक बदललेल्या जीवांविषयीच्या १९८९ च्या नियमांनुसार परवानगी लागतेच. शेतात जाईल ते ज्ञान: ट्रायकोडर्मा कधी टाकावा, किती, पुन्हा केव्हा. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. या प्रथिनांना रंग धरायला ऑक्सिजन लागतो, आणि पाणी साचलेल्या मातीत नेमका तोच कमी असतो. म्हणून तिथे चमक दिसली नाही, तर बुरशी मेली असे लगेच मानू नये. तोच नमुना ताटलीत वाढवून पडताळावा. मर्यादा ठाऊक असलेले साधन निरुपयोगी ठरत नाही.

तिसरा आक्षेप पैशाचा. शिजवायच्या यंत्रांची गरज खरीच, पण कुजलेला गड्डा त्या यंत्रापर्यंत पोहोचतच नाही. परभणीचे कृषी विद्यापीठ जवळ आहे. महागडा सूक्ष्मदर्शक दोघांत एक पुरेल. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगो-इंडियाला केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी मंजूर केले, आणि ते योग्यच झाले. दूरच्या कृष्णविवरांची थरथर ऐकायला निघालेल्या जिल्ह्याने वितभर खोल मातीतल्या गड्ड्यासाठी एक अंधारी खोली, एक हिरवा दिवा आणि दोन प्रशिक्षित माणसे मागावीत, आणि ती मागणी हरिद्रा केंद्राच्या आराखड्यात आत्ताच नोंदवावी.