दिवसाची झोप ही चैन नव्हे

रात्रभर जागून जो पोट भरतो त्याला दिवसा निवांत झोपू द्यावे, ही गोष्ट वर्तमानपत्रात लिहून सांगण्याची वेळ यावी हेच मुळात लाजिरवाणे आहे. पण ती वेळ आली आहे, म्हणून आज आम्ही तेच लिहीत आहोत.

इमारतीच्या फाटकाशी रात्री आठला बसलेला पहारेकरी सकाळी आठला उठतो. मध्ये डुलकी लागली तर त्याचा दिवसाचा रोज कापतात. इस्पितळातील परिचारिका, गाव उठण्यापूर्वी रस्ते झाडणारे सफाई कामगार, कारखान्यात तिसऱ्या पाळीला यंत्रापुढे उभी राहणारी शेतकऱ्यांची पोरे, सगळ्यांची गत थोडीबहुत अशीच. ही माणसे बहुधा कोणत्या घरची असतात हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. सकाळी घरी येऊन अंग टाकावे, तो डोक्यावरचा पत्रा तापू लागतो. घरात भांडी वाजतात, पोरे रडतात, गल्लीत कर्णा सुरू होतो. वर शेजारी म्हणतो, "काय हा आळशी! दिवस डोक्यावर आला तरी घोरतोच आहे!"

दिवसा झोपणे हे दरिद्र्याचे लक्षण, असे आम्हांस लहानपणापासून पढविण्यात आले. पढविणाऱ्यांस रातपाळी करावी लागत नव्हती. बरे, ज्या जुन्या वैद्यकाचा आधार देऊन दिवसाची झोप निंद्य ठरवितात, त्यातील चरकसंहितेत कामाने, ओझ्याने, वाटचालीने आणि जागरणाने थकलेल्यास दिवसा निजण्याची मुभा दिलेली आहे. तेवढा भाग मात्र कोणी सांगत नाही. एकादशीची एक रात्र जागली तर पुण्य लागते म्हणतात. मग महिन्यातून पंचवीस रात्री जागणाऱ्याच्या पदरी नुसते टोमणेच का पडावे?

विश्रांतीसाठी भांडणे हे आमच्या चळवळीस नवे नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या. आठवड्यास एक सुट्टी आणि दुपारी अर्धा तास विसावा मागणाऱ्या अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. तेव्हाही मालक म्हणत की मजुराला सुट्टी दिली तर तो ती दारूत घालवील. अखेर १८९० च्या जून महिन्यात मुंबईच्या गिरण्यांस रविवारची सुट्टी मान्य करावी लागली. आज तोच रविवार सुशिक्षित मंडळी मजेत उपभोगतात. तो कोणी मिळविला ह्याची मात्र त्यांस आठवण नाही.

पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला म्हणून काम थांबेना. १९०५ च्या सुमारास तेजीच्या दिवसांत काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालत. नंतर पाळ्या आल्या. गिरणगावच्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत दहा-पंधरा गडी राहत. एक पाळी कामावर गेली की दुसरी तिच्या जागी आडवी होई. त्यातल्या त्यात बरे इतकेच की खोलीतले सगळेच पाळीवाले होते, आणि झोपलेल्या गड्याला कोणी आळशी म्हणत नसे. १९४८ च्या कारखाने कायद्याने मध्यरात्र ओलांडणाऱ्या पाळीच्या कामगाराची सुट्टी त्याची पाळी सुटल्यापासून चोवीस तास धरावी असे ठरविले. हा विचार रास्त होता. परंतु कायद्याने सुट्टीचे तास मोजले, झोपेचे कोणी मोजले नाहीत.

आता शास्त्र काय म्हणते ते पाहा. माणसाच्या देहात एक घड्याळ आहे आणि ते उजेड-अंधारावर चालते. ह्या घड्याळाचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग ह्या तिघा शास्त्रज्ञांस २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. रातपाळीवाला दिवसा निजतो तेव्हा हे घड्याळ त्याला उठवीत असते. म्हणून त्याची झोप तुटक होते व तासही कमी भरतात. अशी वर्षानुवर्षे गेली की हृदयविकार व मधुमेह यांचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली व पुन्हा २०१९ साली रातपाळीला कर्करोगाच्या संभाव्य कारणांत घातले आहे. तेव्हा ही तक्रार नाजूक प्रकृतीची नसून जिवाची आहे.

ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा कर्ण्यास बंदी केली. ठीक केले. पण जो रात्री जागून ह्या शहराचे रक्षण करतो, त्याची रात्र सकाळी आठला सुरू होते. त्या रात्रीचा पहारा कोण करणार?

आमचे मागणे अवाजवी नाही. मालकांनी पहारेकऱ्याची बारा तासांची पाळी बंद करून आठ तासांची करावी. पाळ्या बदलताना सकाळ, दुपार, रात्र असा क्रम ठेवावा, उलटा फिरवू नये. ओळीने पुष्कळ रात्री कोणास लावू नये. पाळीत वीस मिनिटे पाठ टेकण्यास जागा द्यावी व त्याबद्दल रोज कापू नये. आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने १९९० सालीच रातपाळीवाल्यांस फुकट वैद्यकीय तपासणी आणि प्रकृतीस न मानवल्यास दुसरे काम, असा ठराव केला आहे. आमच्या सरकारने तो अद्याप मान्य केलेला नाही; तो करावा.

कामगार बंधुभगिनींनीही थोडे करावे. पाळीच्या उत्तरार्धात चहा टाळावा, खिडकीस जाड काळे कापड लावावे, सकाळी शक्य तितक्या लवकर निजावे आणि कामावर निघण्यापूर्वी तासभर पडावे. रातपाळी करून आलेल्या बाईला मात्र आधी चूल, मग पोरे, मग झोप मिळते. सत्यशोधक म्हणविणाऱ्या पुरुषाने आधी हे आपल्या घरात बंद करावे, नंतर मालकाकडे बोट दाखवावे.

आणि शेजाऱ्यांनो, समोरचे दार सकाळी दहाला बंद दिसले तर त्याची कडी वाजवू नका. आत जो निजला आहे तो काल रात्री तुमच्यासाठी जागा होता.