ओळखीचा ठेकेदार, तरीही कागद हवा

पावसाळा सरला की वेंगुर्ल्यात घरापुढच्या वाटेवर, खळ्यात काँक्रीट घालायची कामं निघतात. ठेकेदार बहुधा ओळखीचा, कधी नात्यातलाच. 'आपलाच माणूस' म्हणून सगळं तोंडी ठरतं. मग जूनमध्ये दारात पाणी तुंबतं आणि वर्षानुवर्षांचा सलाम-दुआ बंद होतो.

सूरह बकराची 282वी आयत ही कुरआनातली सर्वांत लांब आयत. ती मुदतीचा व्यवहार लिहून ठेवायला, साक्षीदार घ्यायला सांगते. व्यवहार लहान असला तरी लिहायचा कंटाळा नको, असंही बजावते. म्हणजे कागद मागण्यात अविश्वास कसला?

घरचे वडीलधारे शब्द देतात. लिहिण्याचं काम तरुणांनी उचलावं. जाडी, काँक्रीटची ग्रेड, पाण्याचा उतार, सांध्यांचं अंतर, माल कुणाचा, पैसे कोणत्या टप्प्यावर, हे सगळं लिहा. पाणी कोण मारणार तेही. भारतीय मानक 456 नुसार साध्या सिमेंटचं काँक्रीट किमान 7 दिवस, पीपीसीचं 10 दिवस ओलं ठेवायचं असतं. पुढे शेवाळ घासणं, भेगा भरणं कुणाकडे, हेही ठरवा.

आणि काम ठरल्याप्रमाणे झालं, की शेवटचा हप्ता त्याच दिवशी द्या. घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवण आपल्यालाही लागू आहे.