रॉकेट ब्राउझरमध्ये उडवा

हौशी रॉकेटची आखणी करणारे सॉफ्टवेअर वेबवर न्यावे असे कुणी म्हटले की जुने जाणकार नाक मुरडतात. पहिला आक्षेप ठरलेला: एवढे गणित ब्राउझरला झेपायचे नाही. गणित तरी किती? नासाचे अभियंते जेम्स बॅरोमन यांनी रॉकेटचे दाबकेंद्र, म्हणजे हवेचा जोर जिथे एकवटतो ती जागा, काढायची रीत हौशी मंडळींपुढे मांडली ती 1966 साली. गुरुत्वमध्य त्या केंद्राच्या पुढे निदान रॉकेटच्या एका व्यासाइतका असला की रॉकेट सरळ जाते. हे हिशेब तेव्हा लोक कागदावर करत. पुढे उड्डाणाचे अनुकरण म्हणजे क्षणाक्षणाला बल मोजून रॉकेटची पुढची स्थिती काढणे. ब्राउझरमध्ये जड प्रोग्राम वेगाने चालवणारी वेबअसेंब्ली 2019 मध्ये अधिकृत मानक झाल्यापासून ब्राउझर याहून कितीतरी अवजड कामे उरकतो आहे.

दुसरा आक्षेप अधिक सभ्य आहे. ओपनरॉकेट फुकट मिळते, मग हा खटाटोप कशाला? साम्पो निस्कानेन यांनी 2009 मध्ये हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठातल्या प्रबंधासाठी लिहिलेला हा जावा प्रोग्राम उत्तमच आहे, आणि आता तर जावा वेगळे बसवावेही लागत नाही. पण फुकट कुणाला? ज्याच्या घरी संगणक आहे त्याला. सुरतेचेच पाहा. इथे उधना, लिंबायत, दिंडोली भागांत खानदेशातून आलेली हजारो मराठी घरे आहेत. महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. अशा घरातल्या मुलाच्या हाती येतो तो बापाचा मोबाईल, तोही बाप पाळीवरून परतल्यावर. शिवाय या दाट शहरात खरे रॉकेट उडवणार कुठे? रॉकेटची मोटार दुकानात सहजी मिळत नाही, दारूगोळ्याचे नियम कडक, आणि विमानतळ शहराला लागूनच. इथल्या मुलाची बहुतेक उड्डाणे पडद्यावरच व्हायची. तो पडदा डेस्कटॉपचाच हवा, हा हट्ट ज्यांच्याकडे डेस्कटॉप आहे त्यांनाच परवडतो.

तिसऱ्या आक्षेपात मात्र दम आहे. वेबवरची वस्तू मालकाच्या मर्जीवर जगते. ब्राउझरमध्ये त्रिमितीय आराखडे काढायचे टिंकरकॅड 2013 मध्ये बंद होणार असे जाहीर झालेच होते. ऑटोडेस्कने विकत घेतले म्हणून वाचले. ही भीती मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. दोष दुसऱ्याच्या सर्व्हरवर विसंबण्याचा आहे. गणित वापरणाऱ्याच्याच यंत्रात चालावे, पान एकदा उघडले की नेट गेले तरी काम अडू नये, आणि आराखडा ओपनरॉकेटची .ork फाइल म्हणून उतरवून घेता यावा. ती फाइल म्हणजे झिपमध्ये बांधलेला एक्सएमएल मजकूर; उद्या संकेतस्थळ बुडाले तरी डेस्कटॉपवर उघडेल. एवढे पाळले तर मालकाची मर्जी उरतेच कुठे?

अंगठ्याने फिनचा आकार रेखणे त्रासाचे आहे, हे खरे. म्हणून डेस्कटॉप मोडीत काढा असे कुणी म्हणत नाही. मोबाईलवर नळीची लांबी, फिनची मापे आणि वजन आकड्यांत भरता आले, दाबकेंद्र आणि गुरुत्वमध्य दिसले, तरी शिकण्याचे निम्मे काम झाले.

सुरतेच्या सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत शिकणाऱ्या मुलांनी अशी वेब आवृत्ती बनवण्याचे काम अंगावर घ्यावे. ओपनरॉकेटचा कोड खुला आहे, त्यात गणिताचा भाग आणि पडद्याचा भाग आधीच वेगळे ठेवलेले आहेत. कुणाची परवानगी लागत नाही; परवान्याची अट एवढीच की तुम्ही वाटाल ती आवृत्तीही खुली असली पाहिजे.