करू देतो म्हणजे काय?

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची वार्षिक सभा झाली. पाण्याच्या टाकीवरून यथासांग भांडणं झाल्यावर वडे आणि चहा आला, आणि बी विंगमधले एक काका माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मानलं हो तुम्हाला! बायकोला या वयात एवढा अभ्यास करू देता!" मी विनयाने हसलो. खरं सांगतो, आतून बरंही वाटलं. जिना चढताना मात्र ते 'करू देता' डोक्यात घोळत राहिलं. त्या दोन शब्दांबद्दलच आज लिहितोय.

बायको नर्स आहे. सोळा वर्षं झाली. तिच्या वेळी जीएनएमची शेवटची परीक्षा पास झालं की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नाव नोंदवायचं आणि कामाला लागायचं. परवान्यासाठी वेगळी परीक्षा नव्हती. पण अमेरिकेत नर्स म्हणून काम करायचं तर तिथली एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा द्यावीच लागते. कॅनडानेही २०१५ पासून तीच परीक्षा घेतली आहे. तिचं केंद्र मुंबईतही आहे. पास झाली म्हणजे लगेच विमानात बसली असंही नाही, अमेरिकेच्या व्हिसाची भारतीयांसाठीची रांग वर्षानुवर्षांची आहे. हे सगळं माहीत असूनही ती म्हणाली, "दार उघडं तरी असू दे. आणि मला एकदा स्वतःला तपासून बघायचंय." मी म्हटलं, दे की! परीक्षेचे २०० डॉलर आणि अमेरिकेबाहेर बसण्याचे वरचे १५० डॉलर मी भरले. माझ्या हिशेबाने माझं काम संपलं होतं.

आता ही परीक्षा कशी असते ते थोडं सांगतो, कारण मलाही ते फार उशिरा कळलं. प्रश्न संगणकावर येतात. तुमच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न किती अवघड द्यायचा ते संगणक ठरवतो. मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. कमीत कमी ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०, आणि मधेच कुठेतरी पडदा बंद होतो. तो पास म्हणून बंद झाला की नापास म्हणून, ते तिथे कळत नाही. एकूण वेळ पाच तास. एप्रिल २०२३ पासून त्यात एकेका पेशंटची पूर्ण केसही असते, म्हणजे नोंदी, रक्ताचे रिपोर्ट, बीपी, नाडी सगळं वाचायचं आणि त्यावर सहा प्रश्न सोडवायचे.

तुम्ही म्हणाल, सोळा वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला हे सोपंच असणार. मीही तेच म्हणायचो. पण तिचा अनुभवच कधीकधी आडवा येतो. आपल्याकडे सिस्टर आधी डॉक्टरांना फोन करते. तिथे विचारतात की फोन करण्याआधी तू स्वतः काय बघशील, काय करशील? औषधांची नावंही वेगळी. जन्मभर हाताळलेलं पॅरासिटामॉल तिकडे ॲसिटामिनोफेन होतं, ॲड्रेनलिन होतं एपिनेफ्रिन. हातात बसलेलं मोडून पुन्हा शिकायचं म्हणजे कोऱ्या पाटीपेक्षा अवघड काम.

आणि हे शिकायचं कधी? तिचं हॉस्पिटल अंधेरीला, आम्ही मुलुंडला. मुलुंड ते घाटकोपर लोकल, तिथून मेट्रो. मेट्रोत बसायला मिळालं तर आठ-दहा प्रश्न. नाइट असेल तर सकाळी घरी येऊन आंघोळ, भाजी, थोडी झोप, मग पुस्तक. त्याच वर्षी आमच्या लेकीची दहावी होती. दहावीचं घर कसं असतं ते मी वेगळं सांगायला नको. टीव्ही बंद, पाहुणे बंद, लग्नाची आमंत्रणं मी एकटा जाऊन निभावायचो. आई नातीला अभ्यासाच्या टेबलावर बदामाचं दूध नेऊन द्यायची. आणि त्याच घरात दुसरी परीक्षार्थी ओट्यापाशी उभी, एका हातात लाटणं आणि मोबाईल डब्याला टेकवून ठेवलेला. एकाच घरात दोन परीक्षा होत्या, घर मात्र एकीच्याच परीक्षेला बसलं होतं. हे माझ्या लक्षात आलं नाही. लेकीच्या आलं. ती एकदा म्हणाली, "बाबा, आईचा पण पेपर आहे ना?" मी म्हटलं, "हो ना, बघ आई कसं सगळं मॅनेज करते!" किती मूर्ख उत्तर होतं ते, आता कळतंय.

लेकीला चांगले मार्क पडले. बायको नापास झाली.

ती रडली वगैरे नाही. दुसऱ्या दिवशी डबे भरून ड्युटीला गेली. रात्री मी समजूत काढायला म्हणून म्हटलं, "पंचेचाळीस दिवसांनी पुन्हा देता येते ना? दे की. मी कुठे नाही म्हणतोय?" तिने शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "तू कशालाच नाही म्हणत नाहीस रे. पण तू काही करतही नाहीस."

मला राग आला. फी कोणी भरली? लग्नांना एकटा कोण गेला? पण मी हिशेबाचा माणूस. रागाच्या भरात एक आठवडा वहीत मांडून काढला, ती कधी आणि किती वेळ अभ्यासाला बसू शकते. आठवडाभरात जेमतेम सहा तास निघाले. तेही वीस-वीस मिनिटांच्या तुकड्यांत, आणि त्यांतही "अगं, माझा चष्मा कुठेय?" होतंच (तो आवाज माझा). अख्ख्या आठवड्यात सलग एक तास तिला एकदाही मिळाला नव्हता. परीक्षा पाच तासांची! सहा महिन्यांत जी बाई सलग तासभर खुर्चीत बसली नाही, तिने पाच तास डोकं ताळ्यावर ठेवावं अशी आमची अपेक्षा होती.

माझं म्हणणं इतकंच आहे. बाईला शिकायला परवानगी लागत नाही, ती आपली नव्हतीच कधी. तिला सलग वेळ लागतो. आणि तो घरातल्या दुसऱ्या कोणाच्या तरी वेळातूनच निघतो, आभाळातून पडत नाही. आपण 'प्रोत्साहन' देतो कारण ते फुकट असतं. पुण्यात रमाबाई रानडे यांना हे शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. १९०९ साली सुरू झालेल्या त्यांच्या सेवासदनाने ससून हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला बायका पाठवल्या, त्यांत विधवाही होत्या. पण नुसतं 'शिका' म्हणून ते थांबले नाहीत, राहायला वसतिगृह दिलं. सासरच्या किंवा माहेरच्या चुलीपासून लांब एक खोली मिळणं म्हणजे काय, हे ती वही मांडेपर्यंत मला उमगलं नव्हतं.

आम्ही मग रविवार ठरवला. सकाळी नऊ ते दोन, परीक्षेइतकेच पाच तास. तिने इनचार्जशी बोलून जमतील तितके ऑफ रविवारी घेतले. ज्या आठवड्यात नाही जमलं, त्या आठवड्यात तिच्या ऑफला मी रजा टाकली. घरी बसली तर कोणी ना कोणी हाक मारणारच, म्हणून जवळच्या अभ्यासिकेत नाव घातलं. तिथे सगळी एमपीएससीवाली पोरं. पहिल्या दिवशी त्यांनी हिला कोणाची तरी आई समजून "काकू, बाहेर थांबा" सांगितलं. आता तीच पोरं आजीच्या बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारायला येतात.

घरी स्वयंपाक माझ्याकडे आला. आईने दोन रविवार अबोला धरला. "आमच्या वेळी नव्हती असली थेरं," हेही ऐकून घेतलं. माझी आमटी दोनदा खारट झाली, कोणी मेलं नाही. तिसऱ्या की चौथ्या रविवारी मावशीचा फोन आला. मी कांदा चिरत होतो. आई फोनवर म्हणाली, "नाही गं, ती नाहीये घरात, अभ्यासाला गेलीये. दोननंतर कर." तिच्या आवाजात ना कौतुक होतं ना तक्रार. नातीबद्दल ती जशी सांगायची, अगदी तसंच सांगितलं. मी सुरी खाली ठेवून क्षणभर उभाच राहिलो.

पुढच्या महिन्यात तिची परीक्षा आहे. पास होईल का? माहीत नाही. आणि झाली तरी अभ्यास सुटणार नाही. इथली नोंदणीसुद्धा दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते आणि त्यासाठी १५० तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. ते तासही आजवर तिच्या ऑफमधूनच जात होते, मला फक्त आठवत नव्हते.

त्या काकांना मी त्या दिवशी उत्तर दिलं नाही. पुन्हा भेटले तर सांगेन, की काका, मी काही देत नाहीये, बरीच वर्षं घेतलेलं थोडं परत करतोय. तुमच्याही घरात कोणी शिकत असेल तर एक आठवडा वही घालून बघा. सलग तास किती, एवढंच मोजा.

असो. आज रविवार आहे. साडेनऊ वाजले, कुकर लावायचाय.