काझ्याला जायचंय? मग आधी आलेख काढा!

दोस्तांनो,

या आठवड्यात गड नाही, लेणी नाहीत. या आठवड्यात फक्त एका पत्राचं उत्तर. पत्र आलंय ठाण्याच्या वागळे इस्टेटमधून, आणि लिहिणारी मैत्रीण आठवीत शिकते. तिचे बाबा तिथल्याच एका कारखान्यात आहेत. त्यांना मे महिन्यात नऊ रजा मंजूर झाल्यात. घरातले चौघं, म्हणजे आई, बाबा, ती आणि आजी, हिमाचल प्रदेशातल्या काझा नावाच्या गावाला जायचं म्हणताहेत. आजी म्हणते, "मी मागे राहणार नाही." आणि या बाईसाहेबांना हिक्कीमच्या पोस्टातून स्वतःच्याच घरी पोस्टकार्ड पाठवायचंय. आधी कोण पोचतं, कार्ड की आपण, ते बघायला!

पत्रासोबत तिनं बाबांनी आखलेला बेतही पाठवलाय : रेल्वेनं चंदीगड, बसनं मनाली, दुसऱ्या दिवशी जीपनं थेट काझा, तिसऱ्या रात्री लांगझा गावात मुक्काम. शेवटी विचारलंय, "काका, बेत बरोबर आहे ना?"

नाही गं. बेत चुकलाय. आणि कुठे चुकलाय ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण अगदी हाच बेत एकदा मी केला होता.

पण आधी, ज्यांनी काझा हे नाव आजच ऐकलं त्यांच्यासाठी थोडं. काझा हे स्पिती खोऱ्यातलं मुख्य गाव. एक बाजार, एक बसथांबा, सरकारी दवाखाना, पोस्ट, आणि 'जगातला सर्वांत उंच' असं अभिमानानं सांगणारा एक पेट्रोल पंप. उंची सुमारे ३,६५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे एका कळसूबाईवर दुसरं ठेवलं तरी काझा वरच राहतं. आणि तरीही हे गाव वाळवंटात आहे! वाळूचे डोंगर, उंट वगैरे काही नाही हं. याला शीत वाळवंट म्हणतात. पावसाळी ढग हिमालयाच्या अलीकडच्या रांगांवरच रिकामे होतात, पलीकडे कोरडा वारा पोचतो. हे आपल्याकडेही घडतं की! महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि त्याच सातारा जिल्ह्यात माण-खटावला दुष्काळ. तोच प्रकार, फक्त डोंगर चौपट उंच. स्पितीच्याच जातकुळीतलं लेह घ्या. तिथे वर्षभरात पडतो जेमतेम १०० मिलिमीटर पाऊस. २६ जुलै २००५ ला आपल्या सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. म्हणजे लेहचा नऊ वर्षांचा पाऊस एका दिवसात!

म्हणून तर स्पितीतल्या ताबो गावचा मठ टिकला. इ. स. ९९६ मध्ये तो उभा राहिला, चक्क मातीच्या भिंतींचा. तशी भिंत आपल्या इस्टेटीत बांधा आणि आषाढ संपेपर्यंत बघा काय उरतं ते.

आता माझी गोष्ट. बारा-तेरा वर्षांपूर्वी मी आणि माझा धाकटा भाऊ मनालीहून निघालो. मनाली २,०५० मीटरवर. वाटेतली कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर. संध्याकाळी काझा. दोघांचं डोकं ठणकत होतं. चहा प्यायलो, म्हटलं प्रवासाचा शीण. सकाळी भावाला भूक नव्हती. मी काय करावं? थांबावं? छे! यादीत पुढचं नाव होतं ना, लांगझा, ४,४०० मीटर. गेलो. रात्री भाऊ पाणी प्यायला उठला आणि भिंत धरून चालायला लागला. पाऊल एकीकडे टाकायचा, पडायचं दुसरीकडे. बोलणं तुटक. मी त्याला पांघरूण घालून झोपवणार होतो. जीपवाले भाईसाहेब जागे झाले, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "नीचे चलो. अभी." अंधारात, त्या रस्त्यानं, साडेसातशे मीटर खाली. काझ्याच्या दवाखान्यात प्राणवायू लावला आणि सकाळपर्यंत भाऊ माणसात आला. माझ्या आयुष्यातली ती सर्वांत लांब रात्र. भाऊ कॉलेजच्या कबड्डी संघात होता हे मुद्दाम सांगतो, कारण 'आपण फिट आहोत, आपल्याला काय होणार' असं तुमच्यातल्या पन्नास जणांना आत्ता वाटलं असेल. उंचीचा त्रास दंड बघून येत नाही. उलट धावतापळता मुलगाच आधी पडतो, कारण तो पोचल्या पोचल्या टेकडी चढायला जातो!

असं का होतं? वर गेल्यावर हवेतलं प्राणवायूचं प्रमाण बदलत नाही, ते तिथेही २१ टक्केच. पण हवा विरळ होते, तिचा दाब कमी होतो. काझ्याला तो समुद्रकाठच्या दाबाच्या जेमतेम दोन तृतीयांश भरतो. म्हणजे ठाण्यात एका श्वासात तीन घास मिळत असतील तर तिथे दोन. शरीर हुशार असतं, श्वास भराभर घेतं, हळूहळू रक्तातही बदल करतं. पण त्याला दिवस लागतात. डोकेदुखी, मळमळ, भूक न लागणं, गरगरणं ही त्याची तक्रार. तक्रार आली की आणखी वर जायचं नाही. आणि बसल्या जागी धाप, तोल जाणं, बरळणं दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली. दुसरं औषध शोधत बसायचं नाही.

डॉक्टर आणि गिर्यारोहक एक साधा हिशोब सांगतात : तीन हजार मीटरच्या वर गेलात की आजची झोपायची जागा कालच्यापेक्षा पाचशे मीटरहून जास्त उंच नको, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम तिथेच वाढवायचा. दिवसा वर भटकून आलात तर चालतं, झोपायला मात्र खाली.

तेव्हा मैत्रिणी, आता आलेख-कागद घे. आडव्या रेघेवर रात्री, उभ्या रेघेवर मीटर. बाबांच्या बेताचे ठिपके मांड : मनाली २,०५०, काझा ३,६५०, लांगझा ४,४००. दिसली भिंत? मोबाइलमधला नकाशा किलोमीटर दाखवतो, तास दाखवतो, ही भिंत काही दाखवत नाही. मनालीहून काझा दोनशेएक किलोमीटर, म्हणून बाबांना ते जवळ वाटलं. माझंही तेच झालं होतं. शिवाय मे महिन्यात कुंझुम खिंड बहुतेक वर्षी बर्फानं बंदच असते, जूनमध्ये कधीतरी उघडते. २०२० मध्ये अटल बोगदा झाला, नऊ किलोमीटरचा. त्यानं रोहतांग टळतो, कुंझुम टळत नाही.

दुसरी वाट सिमला-किन्नौरची. लांब आहे, पण ती जिन्यानं चढते. तुमचे ठिपके असे पडतील. शनिवारी बाबांची पहिली पाळी संपली की संध्याकाळी कल्याणहून दिल्लीची गाडी. रविवार गाडीत जाईल, रात्री दिल्ली ते कालका. सोमवारी कालक्याहून छोट्या रुळांची गाडी सिमल्याला. ही आपल्या माथेरानच्या राणीची थोरली बहीण. ती १९०७ ची, ही १९०३ ची. ९६ किलोमीटर, शंभरावर बोगदे. खिडकी आजीला द्या. सोमवारची रात्र सिमला, २,२०० मीटर. मंगळवारी दिवसभर सतलजच्या कडेनं कल्पा, २,९६०. समोर किन्नर कैलास, सफरचंदाच्या बागा. बुधवारी ताबो, ३,२८०. गुरुवारी काझा, ३,६५०. ताबोहून काझा पन्नासएक किलोमीटरच, दुपारी जेवायला पोचाल. मग काय करायचं? काहीही नाही. बाजारात सावकाश एक फेरी आणि झोप. शुक्रवारी की मठ बघून परत काझा. शनिवारी हिक्कीम आणि लांगझा, आणि संध्याकाळी मुक्कामाला पुन्हा काझाच. रविवारी आल्या वाटेनं खाली. वाटेत दोन मुक्काम, मग रेल्वेच्या दोन रात्री, आणि गुरुवारी सकाळी कल्याण.

आता बोटं मोज. सोमवार ते शनिवार सहा रजा, पुढचे सोमवार, मंगळवार, बुधवार तीन. झाल्या नऊ! दोन रविवार कारखान्याचेच. गुरुवारी बाबा दुसऱ्या पाळीला हजर.

हा हिशोब जमला तेव्हा मी घरात टाळीच वाजवली. मग पाणी पिऊन पुन्हा बघितलं. यात एकही दिवस मोकळा नाही. किन्नौरचा रस्ता कड्यांमधून कोरून काढलेला आहे, दरड पडली की कधी दोन तास, कधी एक आख्खा दिवस वाहनं उभी. म्हणून बाबांनी दहावी रजा मागावी. मिळाली तर उत्तम. नाही मिळाली आणि वाटेत दिवस गेला, तर काय गाळायचं ते आत्ताच, वागळे इस्टेटीतच ठरवून निघा. ताबोची रात्र गाळायची नाही. काझ्याचा सुस्त दिवस गाळायचा नाही. गाळायचं ते शनिवारचं हिक्कीम-लांगझा. मला माहीत आहे, तुला हे वाचून राग येईल. पोस्टासाठीच तर तुझा सगळा खटाटोप! १९८३ साली ४,४०० मीटरवर उघडलेलं पोस्ट, जगातल्या सर्वांत उंच पोस्टांपैकी एक. पण तिथे गेल्यावर यादीतलं नाव पुसायला मन धजत नाही, हे मी लांगझ्याच्या वाटेवर शिकलो.

आजींचं काय? आजींनी डॉक्टरांकडे जाऊन 'साडेतीन हजार मीटरच्या वर राहणार आहे' असं स्पष्ट सांगावं. नुसतं 'फिरायला चाललेय' म्हणू नये! वय झालं म्हणून जाऊच नये असं काही नाही. डॉक्टरांनी परवानगी दिली पण मनात धाकधूक असली, तर आई आणि आजी कल्प्यालाच राहू शकतात. परतताना तुम्ही तिथूनच जाणार आहात. उंचीच्या गोळ्या असतात, त्याही डॉक्टरांनाच विचारून. शेजारच्यांनी सांगितल्या म्हणून नव्हे.

बाकी सामानाचं फार लिहीत नाही. जाड एक स्वेटर नेण्यापेक्षा पातळ कपडे एकावर एक घाला, कारण उन्हात भाजतं आणि सावलीत कुडकुडतं. कानटोपी, काळा चष्मा, ओठांना लावायला काहीतरी. रोख पैसे जवळ ठेवा. परदेशी पाहुण्यांना किन्नौर-काझाच्या वाटेवर परवाना लागतो, आपल्याला नाही, तेव्हा रोड नंबर २२ च्या पासपोर्ट केंद्राची रांग या वेळी टळली. तिखटमिठाच्या पुऱ्या, गूळपापडी न्या. वेफर्सचं बंद पाकीट न्याल तर ते वर जाऊन फुग्यासारखं फुगेल. का, ते तू शाळेत सरांना सांग. आणि काझ्याला भात लवकर मिळाला नाही तर कुरकुरू नका : तिथे पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, कुकरशिवाय तांदूळ दाद देत नाही.

पाणी जपून. तिथली शेतं आणि घरं वितळत्या बर्फावर चालतात. खेड्यातल्या घरांत कोरडे संडास असतात. पाणी नाही, वरून माती टाकायची, आणि पुढे त्याचं खत शेतात जातं. पहिल्या दिवशी नाक मुरडाल. पण नळ जायच्या आत पिंपं भरणाऱ्या घरातल्या मुलीला यातलं शहाणपण मी काय समजावणार!

लांगझ्याला पोचलीसच, तर पायाखाली बघ. तिथल्या दगडांत शंखासारखे जीवाश्म सापडतात, कारण कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता. बघायचे, हात लावायचा, चित्र काढायचं. खिशात घालायचे नाहीत, आणि कुणी विकत देऊ केले तरी घ्यायचे नाहीत.

तुमच्यापैकी बाकीच्यांनीही असा एक आलेख काढून पाठवा, मग ते लेह असो, केदारनाथ असो की आणखी काही. भिंत दिसतेय का जिना, ते आपण बघू.

आणि मैत्रिणी, हिक्कीम हुकलंच तर पोस्ट काझ्यालाही आहे. तेही ३,६५० मीटरवरचंच. शर्यत तिथूनही लावता येईल. पत्ता मात्र नीट लिही, घाईत पिनकोड राहून जातो : ४००६०४.

तुमचा,
भटका काका