इंजेक्शनाआधीचा प्रश्न

सकाळी तासभर मूठ वळत नाही, गादीवर बसून खतावणी लिहिताना पेन धरवत नाही, वर्षानुवर्षे गोळ्या घेऊनही उतार पडत नाही. हट्टी आमवातात शरीराची संरक्षक व्यवस्थाच सांध्यांवर उलटलेली असते आणि टीएनएफ नावाचे प्रथिन हा दाह पेटता ठेवते. त्यालाच अडविणारे प्रतिपिंड रुग्णाला द्यावे, ही कल्पना मार्क फेल्डमन आणि लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ साली लंडनमध्ये आजमावली. अनेकांचा ठणका काही आठवड्यांतच ओसरला.

इन्फ्लिक्सिमॅब, अडालिमुमॅब ही नावे आता येथील डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही दिसतात. २०१४ च्या अखेरीस अहमदाबादच्या झायडस कॅडिलाने अडालिमुमॅबची समरूप आवृत्ती मूळ किमतीच्या सुमारे पाचव्या हिश्श्यात आणली. तरीही लहान दुकानदाराला हा खर्च जडच. साहजिकच घरात चर्चा होते ती किमतीची. क्षयाची व्हायला हवी, ती होत नाही.

क्षयाचे जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांना रोग होत नाही. संरक्षक पेशी जंतूंभोवती गाठ बांधून त्यांना कोंडून ठेवतात, आणि ती गाठ टिकविण्यास तेच टीएनएफ लागते. ते अडविले की सांधा शांत होतो, पण कोंडलेले जंतू मोकळे होऊ शकतात. इन्फ्लिक्सिमॅबनंतर क्षय झालेल्या ७० रुग्णांचा वृत्तांत २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ४० जणांत रोग फुप्फुसांबाहेरही होता. म्हणजे खोकला असेलच असे नाही.

म्हणून औषधाआधी छातीचा एक्स-रे आणि मांटू किंवा इग्रा चाचणी करतात. सुप्त क्षय आढळल्यास त्यावरचे औषध सहसा किमान महिनाभर आधी सुरू होते. चाचणीही चुकू शकते, विशेषतः स्टेरॉइड चालू असताना. मग डॉक्टरांना आधार उरतो तो पूर्वेतिहासाचा, आणि कित्येक घरांत नेमका तोच दडविलेला असतो. मुलीचे लग्न ठरायचे आहे, तेव्हा काकांच्या क्षयाचा उल्लेख नको. सासूबाईंनी सहा महिने घेतलेल्या गोळ्या कसल्या, हे सुनेला ठाऊक नसते. तपासणीच्या वेळी ती 'घरात कोणालाही नाही' असे सांगते. ती खोटे बोलत नसते. तिला कोणी सांगितलेलेच नसते.

उपचार चालू असताना लांबलेला ताप, घटणारे वजन, रात्रीचा घाम किंवा मानेतील गाठ आढळल्यास पुढचे इंजेक्शन घेण्यापूर्वी डॉक्टरांची भेट घ्यावी. ओळखीच्या औषधविक्रेत्याचा सल्ला अशा वेळी पुरेसा नाही.