चेंगराचेंगरी? कोणी कोणाला चेंगरलं?

मंडळी, माझं भांडण एका शब्दाशी आहे. मारामारी, ढकलाढकली, तशी 'चेंगराचेंगरी'. म्हणजे सगळ्यांनी मिळून एकमेकांना केलेली. शब्दातच निकाल लागला! मेले तेच दोषी. बाकीचे मोकळे.

२५ जानेवारी २००५, वाईजवळची मांढरदेवी. काळूबाईची यात्रा, लाखोंची गर्दी. वाट चिंचोळी, दोन्हीकडे दुकानं. नारळाच्या पाण्याने पायऱ्या निसरड्या झालेल्या. पुढचे घसरून पडले, मागच्यांना ते दिसलंच नाही. मग दुकानांना आग लागली, सिलिंडर फुटले. जवळपास ३०० माणसं गेली. आणि आपण काय म्हणालो? "लोकांना शिस्तच नाही हो!" कोणी तर देवीचा कोपही काढला.

अहो, एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं कोंबली की शिस्त राहतेच कुठे? हात वर काढता येत नाही. गर्दी पाण्यासारखी लोटते. माणसं बहुतेकदा तुडवून नाही, छाती दबून श्वास कोंडल्याने मरतात. उभ्या-उभ्या सुद्धा. तिथे शहाणा आणि बेशिस्त दोघेही सारखेच.

मांढरदेवीच्या आधी, २००३ च्या नाशिक कुंभमेळ्यात ३९ जण गेले होते. २०२४ मध्ये हाथरसला परवानगी ८० हजारांची, आले अडीच लाखांवर, मेले १२१. २०२५ मध्ये प्रयागराजला पुन्हा तेच. दर वेळी मदत जाहीर होते, चौकशी नेमली जाते, आणि पुढच्या वर्षी वाट तेवढीच अरुंद असते.

"देवाच्या दारी मरण आलं, सोनं झालं" असं म्हणणाऱ्यांचा मला जास्त राग येतो. लेकराला खांद्यावर घेऊन आलेल्या बाईला मरण नको होतं, दर्शन हवं होतं.

आमच्या पांढरकवड्याजवळ केळापूरची जगदंबा आहे. नवरात्रात तिथेही गर्दी उसळते. मी भक्तीच्या विरोधात नाही, माझी आई दर वर्षी जाते. पण कुठल्याही यात्रेआधी चार प्रश्न विचारा. माणसं मोजतंय कोण? यायची आणि जायची वाट वेगळी आहे का? दुकानं वाटेपासून मागे आहेत का? आणि रांग थांबवायचा अधिकार कोणाकडे आहे?

शेवटच्या प्रश्नाला एक नाव मिळालं पाहिजे. 'समिती' हे उत्तर चालणार नाही.

तुमच्या गावच्या जत्रेत हे विचारून बघा, आणि काय उत्तर मिळालं ते मला नक्की कळवा.